गोड्या पाण्याची ऊब

वऱ्हाडात जाऊन आलो असं म्हटलं, की आमच्या आळीतली माणसं आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात. उन्हानं किती रापलो ते त्यांना अजमावायचं असतं. मी गेलो होतो पौषात, आणि तिथं जितका कुडकुडलो तितका जन्मात कधी कुडकुडलो नव्हतो, असं सांगितलं की ते 'असेल बुवा' म्हणतात आणि विषय बदलतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. ज्याला खरं मानायचं त्यानं मानावं.

मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवतो. 'वऱ्हाड : काळी कसदार जमीन, मुख्य पीक कापूस' हे वाक्य मी आजवर इतक्या मुलांकडून घोकून घेतलं आहे, की झोपेतसुद्धा म्हणेन. वऱ्हाड मात्र पाहिला नव्हता. धाकटी बहीण शांता तिकडे दिली, तेव्हा लग्नही पुण्यातच झालं. आता तिला दिवस गेले होते, सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा तिला आणायला मी निघालो. आईनं बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, आणि 'मुलीला सांभाळून आण, धक्के लागू देऊ नकोस' हे वाक्य दारापासून टांग्यापर्यंत म्हणत राहिली.

आगगाडीबद्दल काही लिहीत नाही. बसलो, आणि उतरलो.

अकोला

स्टेशनावर मेव्हणे स्वतः आले होते. भाऊराव हा सहा फुटी माणूस; आवाज शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचावा असा. मला पाहताच सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "काय हो दादा, किती वायले तुमी! पुन्यात जेवाले देत नाई काय?"

आमच्याकडे पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला ते विचारतात आणि मनातलं मनात ठेवतात. इथं मनात ठेवायला जागाच नसावी. मला पहिल्या क्षणी राग आला, आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी माझी वळकटी, ट्रंक आणि लाडवांचा डबा तिन्ही एकट्यानं उचलले, त्यामुळे तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

भाऊराव कापूस घेऊन बाजाराला आले होते, म्हणून आधी तिकडे गेलो. मी कापूस पाहिलेला नाही असं नाही. उशीत पाहिला आहे, वातीत पाहिला आहे. पण इथं गाड्यांमागून गाड्या लागलेल्या, प्रत्येक गाडीवर घराएवढा कापूस, आणि आवारात त्याचे असे ढीग की वर चढलेला माणूस कमरेपर्यंत आत जाऊन हसतोय. आभाळ काळंभोर आणि खाली हे पांढरं. मी टोपी काढून हातात घेतली आणि नुसता उभा राहिलो. इतकी वर्षं जे एका ओळीत शिकवलं ते एवढं असतं, याची मला खरंच लाज वाटली.

"कावून थांबले? पाय दुखून राहिले काय?" भाऊरावांनी विचारलं.

"नाही हो, बघतोय."

"त्यात काय पाहाचं? कापूस हाये."

जेवण एका ओळखीच्यांकडे झालं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, भाजीवर कच्च्या तेलाची धार, आणि बाजूला हिरव्या मिरच्यांचा ठेचा. ठेचा मी भाकरीला चटणी लावावी तसा लावला. पुढचा काही वेळ मला कोण काय बोललं ते आठवत नाही. घरच्या बाईंनी न विचारता ताटात गूळ ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून हसल्या.

आभाळ भरून आल्याला तो तिसरा दिवस होता, अजून उघडलं नव्हतं. उत्तरेकडून वारा सुटला होता आणि मधूनच बारीक भुरभुर येत होती. एरवी या दिवसांत इथं दुपारी सदरा नकोसा होतो म्हणे. या वर्षी माणसं गोधड्या पांघरून बाजारात आली होती.

सांगवीची वाट

भाऊरावांची मोटार ही त्या दौऱ्यातली दुसरी नवलाची गोष्ट. चौकोनी टपाची, लांब नाकाची जुनी अमेरिकन गाडी. रावळपिंडीकडून बदलून अमरावतीला आलेल्या कुणा गोऱ्या साहेबानं ती बरोबर आणली, आणि नागपूरला जाताना भाऊरावांना विकली. चालक गुलाबखाँ; पिकलेली दाढी, गळ्याभोवती मफलर, आणि गाडीशी बोलण्याची सवय. चढ आला की तो तिला 'चल माये' म्हणे.

पुढच्या सीटसमोर, पायांच्या वर, एक वाटोळा पत्र्याचा डबा बसवलेला होता. त्याला जाळी, जाळीच्या आत छोटा पंखा. हे काय म्हणून विचारलं.

"थे शेगडी हाये," गुलाबखाँ म्हणाला. "साहेब बर्फाच्या मुलखातून आला ना. इंजिनातलं गरम पानी नळीनं या डब्यात येते, पंखा मागून हवा मारते, अन् गाडीत ऊब होते. असं साहेब सांगे."

"सांगे म्हणजे? तुम्ही पाहिली नाही?"

"आमच्याकडे आली तं पंखा मेलेलाच, तिनं एक डाव ऊब नाई देल्ली. अन् वऱ्हाडात गाडी गरम कराची कोनाले हौस हाये, साहेब?"

त्या दिवशी मला होती. दारांच्या फटींतून, पायाखालच्या फळ्यांतून वारा येत होता. मी दोन्ही हात काखेत घालून बसलो. पण दर्यापूरच्या अलीकडे पूर्णा ओलांडली आणि थंडी विसरलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन. काळी म्हणजे आपण मातीला म्हणतो तशी नव्हे. भिजलेली, काजळासारखी, आणि क्षितिजापर्यंत सपाट. एक टेकडी नाही, एक दगड नाही. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला टेकते. इथं ती टेकायलाच मिळत नाही, जात राहते. मला थोडी भीतीही वाटली. नकाशावर मी या मुलखावर किती सहज छडी ठेवत आलो होतो!

सांगवी

सांगवी हे दर्यापूर आणि भातकुलीच्या मधलं गाव. संध्याकाळी गाडी अंगणात शिरली, तर दारात बायकांची गर्दी. भाऊराव गाडी थांबायच्या आतच उतरले. त्यांच्या आईनं, जिला सारं गाव माय म्हणतं, उंबऱ्यातूनच सांगितलं, "पोट्टी झाली. सकायीच. लय लहान हाये."

म्हणजे मी ज्या बाळंतपणासाठी बहिणीला न्यायला आलो होतो ते होऊन गेलं होतं. आत जायचं तर पाय धुवायला हवेत, म्हणून पडवीत होता त्या रांजणात तांब्या बुडवला आणि भडाभडा पायांवर पाणी ओतलं. दुसरा तांब्या घेतला, चूळ भरून टाकली.

सगळ्या बायका माझ्या पायांकडे बघू लागल्या. माय शांतपणे म्हणाली, "पाव्हणे, थे प्याचं पानी हाये. पायाले थिकडलं घ्या."

नंतर भाऊरावांनी समजावलं. हा सगळा खाऱ्या पाण्याचा पट्टा आहे. विहिरी भरलेल्या असतात, पण पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं गोडं पाणी दीड कोसावरच्या नाल्यात, वाळू उकरून केलेल्या झिऱ्यातून बायका डोक्यावर आणतात. वरच्या अंगाला पाऊस होऊन तो नाला दोन दिवस गढूळ होता, त्यामुळे जे काही घरात होतं तेवढंच. अंघोळ, धुणीभांडी, गुरं, सगळं खाऱ्या पाण्यावर. ज्याला पाणी प्यायचं नाही त्याला गोडं पाणी घालणं हे इथं पाप मानतात. ताटात अन्न टाकणाऱ्याकडे आपण जसं बघू तसं त्या बायकांनी माझ्या पायांकडे पाहिलं होतं. मी नळाचं पाणी सोडून देणाऱ्या गावचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाचीला मी दारातूनच पाहिलं. टोपलीत ताज्या पिंजलेल्या कापसाचं घरटं केलेलं, आणि त्यात ती. माझ्या तळहातापेक्षा थोडीशी मोठी. डोळे मिटलेले, नखं जेमतेम उमटलेली. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात. दर श्वासाला कापसाचा एक तंतू हलायचा, आणि तो हलेपर्यंत मीही श्वास धरून राहायचो. अकोल्याच्या ढिगाऱ्यांपुढे मी टोपी काढली होती. इथं काय काढावं ते कळेना.

शांता खाटेवर पडली होती. मला पाहून म्हणाली, "दादा, ती रडत नाही रे." एवढंच.

दर्यापूरचे डॉक्टर येऊन गेले होते, रात्री पुन्हा आले. ते स्पष्ट बोलले. बाळ फार लवकर आलंय, अंगात स्वतःची ऊब धरण्याची ताकद नाही. अमरावतीच्या बायकांच्या इस्पितळात अशा बाळांसाठी उबेची खोली आहे, जाणत्या नर्सेस आहेत. तिथं पोचली तर आशा आहे. "पण वाटेत गारठली तर तिथवर पोचायची नाही. आणि इथंच ठेवलीत, तर मी काही सांगू शकत नाही."

परतलेली सकाळ

सकाळी निघालो. म्हणजे निघून पाहिलं. शांता आणि माय मागच्या सीटवर, मायच्या मांडीवर टोपली, टोपलीत दोन बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. भाऊराव आणि मी पुढे. गावाची शीव ओलांडली, उघड्या रानात वारा अंगावर आला, आणि थोड्याच वेळात माय ओरडली, "फिरव गाडी! ओठ निये पडून राह्यले!"

बाटल्या फार गरम केल्या तर कातडी भाजते, बेताच्या केल्या तर त्या थंडीत निवून जातात. गुलाबखाँनं गाडी फिरवली. घरात चुलीपाशी नेल्यावर हळूहळू तिचा रंग परत आला.

मी अंगणात गाडीपाशी उभा राहिलो. समोर तो वाटोळा डबा. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही. पण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि हात जोडून बसवतही नव्हतं. मी म्हणालो, "गुलाबखाँ, ही शेगडी का पेटत नाही ते आज बघायचंच."

"साहेब, पंखाच मेला हाये."

"मग पंख्यापासून सुरू करू."

भाऊरावही आले. पंख्याची तार डब्याच्या मागे गंजून तुटायला आली होती. गुलाबखाँनं ती घासून, पिळून पुन्हा जोडली. कळ फिरवली, पंखा गरगरला! आम्ही तिघांनी जाळीसमोर हात धरले. वारा आला, थंडगार. म्हणजे पंखा हा एक रोग होता, पण खरा रोग तो नव्हे.

दुसरं, इंजिनावर जिथून गरम पाण्याची नळी निघते तिथं एक छोटा चावीचा नळ होता. तो बंद असेल, असं भाऊरावांना वाटलं. होताही अर्धा बंद. तो पूर्ण उघडला. इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. पुन्हा हात धरले. तोच गार वारा. भाऊरावांनी गाडीच्या चाकाला लाथ मारली आणि लगेच तिच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

तेव्हा मला सुचलं, आणि सुचलं ते अगदी साधं होतं. डब्याकडे जाणाऱ्या नळ्या दोन. एकीतून पाणी जायचं, दुसरीतून परत यायचं. मी एकीला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकी ती तापली होती. दुसरीला लावला. ती थंड. पुन्हा पुन्हा लावून पाहिला. गरम पाणी डब्याच्या तोंडापर्यंत येत होतं आणि पुढे जात नव्हतं.

"आत बूच बसलं आहे," मी म्हणालो. "हवा असेल, नाहीतर काहीतरी अडकलंय."

गुलाबखाँनं इंजिन निवू दिलं, दोन्ही नळ्या सोडल्या, आणि एकीकडून तोंडानं जोरात फुंकलं. गाल फुगले, डोळे लाल झाले, पण दुसरीकडून काही निघालं नाही. मग त्यानं नळीच्या तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढून बघत राहिला. बोटावर पांढरा, खडबडीत थर होता.

माय इतका वेळ पडवीतून पाहत होती. ती खाली आली. गुलाबखाँचा हात धरून तिनं ते बोट डोळ्यांजवळ नेलं, नखानं खरवडलं, जिभेला लावलं.

"हे तं माह्या बंबातलं किटन हाये," ती म्हणाली. "माहा बंब असाच भरते. गुलाब, या गाडीले पानी कोनतं घालतं तू?"

गुलाबखाँ चमकला. "हिरीचं, माय. आपल्याच हिरीचं. गोडं घालू काय मंग? गाडीले काय जीभ हाये?"

कुणाचीच चूक नव्हती. उलट, या गावच्या हिशेबानं तो फार चांगला वागला होता. साहेबाच्या अमरावतीच्या बंगल्यात तिला गोडं पाणी मिळत होतं. इथं आल्या दिवसापासून त्यानं तिला एक तांब्याही गोडं पाणी दिलं नाही, कारण माणसं तहानलेली असताना यंत्रात गोडं पाणी ओतणं त्याच्या मनाला शिवलंच नसतं. त्या खाऱ्या पाण्यानं, तापून तापून, डब्यातल्या केसाएवढ्या नळ्या दगडासारख्या भरल्या होत्या.

"बंब कसा मोकळा करता?" मी विचारलं.

"लिंबानं. रस गरम करून वता लागते, मंग फसफसते."

त्या दिवशी गावचा बाजार होता, हे आमचं नशीब. अंजनगावकडून, जिथं पाणी गोडं आहे आणि मळे आहेत, तिकडून एक माळी कुटुंब गाडीभर भाजी आणि लिंबं घेऊन आलं होतं. भाऊराव स्वतः धावले. माळ्याला काय सांगितलं माहीत नाही, पण तो लिंबाचं पोतं आपल्या खांद्यावर घेऊन आला, त्याची बायको मागून, आणि त्यांनी अंगणातच बसून लिंबं कापायला सुरुवात केली. शेजारच्या बायका येऊन पिळायला बसल्या. सगळ्या अंगणात लिंबाचा वास.

रस गाळून, कोमट करून आम्ही नळीतून डब्यात ओतला. आधी काहीच नाही. मग आतून बारीक आवाज येऊ लागला, आणि वरच्या तोंडाशी पांढरा फेस चढून आला. रस काढला, पुन्हा ताजा ओतला. सायकलच्या पंपानं हवा मारली. आणि एकदा पंपाचा दट्ट्या दाबता दाबता सुटकन आत गेला, आणि दुसऱ्या नळीतून चुन्यासारखं गढूळ पाणी गुलाबखाँच्या सदऱ्यावर उडालं. तो तसाच भिजून हसत उभा राहिला. "मोकया झाला! साहेब, मोकया झाला!"

पण काम तिथं संपत नव्हतं. सुटलेलं किटण धुऊन काढायला हवं, नाहीतर पुन्हा अडकणार. आणि इंजिनात, पाणी निववणाऱ्या पुढच्या जाळीत, सगळीकडे तेच खारं पाणी आणि तोच थर. सगळं पाणी सोडून द्यायचं, धुवायचं, पुन्हा भरायचं. आणि धुवायचं ते विहिरीच्या पाण्यानं चालणार नव्हतं.

मी रांजणाकडे पाहिलं. काल मीच दोन तांबे कमी केलेला रांजण. तळाला जेमतेम घागरभर उरलं असेल. नाला अजून गढूळ होता. 

मायनं घागर भरली आणि गुलाबखाँच्या हातात दिली. त्यानं ती गाडीच्या तोंडापर्यंत नेली आणि तिथंच थांबला.

"माय, माह्याच्यानं नाई होत हे. गोडं पानी हाये."

माय पुढे झाली. तिनं घागर आपल्या हातात घेतली. "आज तिले तहान लागली, असं समज," म्हणाली, आणि ओतली. ते पाणी गाडीतून फिरून खालून पांढुरकं होऊन आलं आणि काळ्या मातीत शिरलं. घरातलं सगळं गोडं पाणी ते. एवढं करून खालून येणारं पाणी अजून पांढरंच होतं.

मग मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. लिंबं पिळणाऱ्या बायकांपैकी एक उठली, हात पदराला पुसले आणि निघून गेली. तिच्यामागून दुसरी. मला वाटलं, यांच्याच्यानं बघवत नसेल. थोड्या वेळानं पहिली परत आली, डोक्यावर घागर. तिनं ती गाडीत रिकामी केली आणि बाजूला झाली. मग दुसरी आली. मग बाजारातून ज्यांना कळलं त्या आल्या. कोणी घागर, कोणी कळशी, एक म्हातारी नुसता तांब्या घेऊन, वर हात झाकून, सांडू नये म्हणून एकेक पाऊल टाकत. रांग लागली. माळ्याच्या बायकोनं वाटेत प्यायला आणलेली आपली सुरई उपडी केली. काल ज्यांनी माझ्या पायांवरच्या तांब्याभर पाण्यासाठी श्वास रोखला होता, त्याच या बायका. त्यांच्या घरात आज रात्री पोरं काय पिणार होती? मी विचारणार होतो, पण भाऊरावांनी माझा हात दाबला. ते स्वतः दुसरीकडे तोंड फिरवून उभे होते.

देवळात मी जातो, नमस्कारही करतो, पण हात आपोआप जुळणं म्हणजे काय ते मला सांगवीच्या त्या अंगणात कळलं.

खालून येणारं पाणी शेवटी नितळ झालं. नळ्या जोडल्या, नळ उघडला, इंजिन सुरू केलं. मी पहिल्या नळीला हात लावला, मग दुसरीला. दुसरी कोमट. थोड्या वेळानं गरम. गुलाबखाँनं पंख्याची कळ फिरवली, आणि जाळीतून माझ्या तोंडावर ऊन, कोरडी हवा आली. तिला लिंबाचा वास होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अमरावती

दारांच्या, फळ्यांच्या सगळ्या फटींत कापूस ठासला. माय टोपली घेऊन या वेळी पुढे बसली, शेगडीसमोर. तोंडावर सरळ झोत येऊ नये म्हणून मध्ये स्वतःचा हात धरून. शांता, भाऊराव आणि मी मागे. उन्हाळ्यात माणसं नको नको म्हणतात तशी उष्णता गाडीत भरली. भाऊरावांनी आधी कोट काढला, मग पागोटं. कोणी काच खाली करा म्हणालं नाही.

बाहेर तेच काळं, सपाट रान आणि तोच वारा. तुरीची झाडं त्यात लोळत होती. पण आता तो सगळा मुलूख मला काचेपलीकडून सोबत करत असल्यासारखा वाटला. भातकुली मागे पडली. माय दर थोड्या वेळानं कापसात बोट घालायची, आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघायचो.

"ऊन हाये," ती म्हणायची. एवढंच. पुढच्या मैलासाठी तेवढं पुरायचं.

गुलाबखाँ गाडीशी आज एक शब्द बोलला नाही. त्याची नजर रस्त्यावर होती आणि ओठ हलत होते.

इस्पितळाच्या आवारात शिरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. एक नर्सबाई झपाझप बाहेर आल्या. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आतली वाफ तोंडावर आली तशा दचकल्या, आणि टोपलीत हात घालून बाळाच्या छातीला लावला. त्यांचा हात बाहेरच्या वाऱ्यानं गारठलेला असणार.

भाची ओरडली. कुईकुई नव्हे, तोंड उघडून, लालबुंद होऊन, त्या सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल अशी.

"अव बाई!" माय कडाडली. "हात शेकून तं घ्या आधी! एवढ्या दुरून पोट्टी ऊन ठिवून आनली, अन् बर्फाचे हात लावता?"

नर्सबाई हसल्या. टोपली उराशी धरून त्या आत पळाल्या, मागून शांताला धरून माय, मागून भाऊराव. आतून रडणं येतच होतं. लांबच्या खोलीत गेलं, तरी येत होतं. मी व्हरांड्यात खांबाला टेकून ऐकत राहिलो. जगात याहून गोड काही मी ऐकलेलं नाही.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की गाडीचं इंजिन अजून चालूच आहे. गुलाबखाँ चाकामागे तसाच बसला होता, घामानं निथळत, दोन्ही हात चाकावर. पंखा फिरत होता. रिकाम्या गाडीत शेगडी धगधगत होती.

मी खाली उतरून त्याच्याजवळ गेलो. "गुलाबखाँ, पोचली ती. आता बंद करा."

त्यानं मान हलवली. आतल्या दिशेनं कान दिला. "जरा थांबा साहेब," म्हणाला. "रडून राह्यली ना?"

"रडतेय की. ऐका."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग कळ फिरवली, आणि गाडी बंद केली.